माइक तोंडाजवळ, तंबोरा कानाजवळ

*सप्रेम नमस्कार. मी नाशिकला असते. एका विमा कंपनीसाठी घरून ग्राहकांचे फोन घेते, रोज साधारण सहा तास. ब्लूटूथचे इअरबड दीड वर्षात दोनदा बदलले, आता वायरवालंच घ्यायचं ठरवलंय. संध्याकाळी स्वयंपाक आवरला की नाट्यगीतं, जुनी भावगीतं, कधी ख्याल ऐकते. शनिवारी पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकते. बजेट तीन हजार. चष्मा आहे. लॅपटॉपला पिनचं एकच भोक आहे, फोनला तेही नाही. ग्राहक म्हणतात, "मॅडम, आवाज विहिरीतून येतोय." कॉल आणि गाणं दोन्हीला चालेल असा एकच चांगला हेडफोन सांगा.*
*— एक वाचक, नाशिक*

ताई, नमस्कार.

एकच घेऊ नका. तीन हजारांत दोन बसतात, आणि तुमच्या कामाला दोनच हवेत. दिवसाच्या कॉलसाठी तोंडाजवळ दांडीचा माइक असलेला साधा हेडसेट, आणि गाण्यासाठी कानात बसणारे बिनमाइकचे चांगले इअरफोन. नावं पुढे देतो, पण आधी कारण सांगतो. कारण पटलं की उद्या ती मॉडेलं बाजारातून गेली तरी तुम्हाला तुमचं निवडता येईल.

कॉलवर तुमच्या कानाला फार काही लागत नाही. जुन्या टेलिफोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जायचा आणि तेवढ्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी लग्नं ठरवली, दुखवटे कळवले. ग्राहकाचं बोलणं समजायला कुठलाही धड इअरफोन पुरतो. कॉलमध्ये खरी किंमत आहे ती माइकची, आणि माइकच्या बाबतीत त्याच्या किमतीहून त्याची जागा जास्त महत्त्वाची. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज माइकपाशी बराच बारीक होतो, पण खोलीतला पंखा, भिंतींवरून परतणारा घुमारा आणि कुकरची शिट्टी जिथल्या तिथेच राहतात. मग आवाज वाढवला की तेही सगळं वाढतं. विहिरीतून आल्यासारखा आवाज म्हणतात तो हाच. इअरबडचा माइक कानाशी असतो, तिथपर्यंत तुमच्या तोंडाचा आवाज गालाला वळसा घालून पोचतो. वायरवर लोंबणाऱ्या माइकचं दुखणं वेगळं. तो छातीपाशी येतो, ओढणीला, मंगळसूत्राला, ड्रेसच्या चेनला घासतो आणि समोरच्याला दर दोन वाक्यांनी खर्र ऐकू येतं. हातात धरून बोलायचं तर सहा तास एक हात अडकला, टाइप कोण करणार?

दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन बोटांवर राहतो. मान वळली तरी अंतर बदलत नाही. तो बरोबर तोंडासमोर मात्र आणू नका, जरा गालाकडे ठेवा. आपल्या भाषेत फ, भ, ख, घ भरपूर, आणि त्यातला प्रत्येक वर्ण हवेचा एक झोत माइकवर मारतो. फोनच्या रेकॉर्डरने किंवा लॅपटॉपवर स्वतःचं एक वाक्य टिपून बघा: "फणसाच्या फोडी भराभर भरून फडक्याखाली ठेवल्या." फ आणि भ जिथे येतात तिथे भद्द भद्द वाजलं तर माइक बोटभर बाजूला घ्या आणि पुन्हा म्हणा. दोन-तीन वेळात जागा सापडते. एकदा सापडली की दांडी त्याच कोनात राहू द्या.

तुमच्या लॅपटॉपला एकच भोक आहे म्हणताय, म्हणजे त्याच भोकातून ऐकणं आणि बोलणं दोन्ही होतं. अशा भोकाला पिनही तशीच लागते. पिन उजेडात धरून बघा. धातूवर तीन काळ्या रेघा असतील तर तिच्यात माइकची वाट आहे, दोनच असतील तर फक्त ऐकण्याची. दुकानात खोका फोडून दाखवा म्हणायला लाजू नका, रेघा मोजायला एक क्षण लागतो.

कॉलसाठी मी लॉजिटेकचा एच१११ सुचवेन. हजाराच्या आत-बाहेर मिळतो, हलका आहे, कानावर स्पंजाची गादी आहे आणि पिन एकच, तीन रेघांची. इथे एक काळजी घ्या. त्याच कंपनीचा एच११० दिसायला जवळजवळ जुळा आहे, पण त्याला दोन पिना असतात, एक ऐकण्याची आणि एक माइकची. तो जुन्या डेस्कटॉपला चालतो. तुमच्या लॅपटॉपला लावायला वेगळा जोडतुकडा आणावा लागेल. ऑर्डर करताना तो शेवटचा आकडा दोनदा वाचा. पुढे कधी ऑफिसने पैसे दिले तर एच३९० घ्या. तो यूएसबीचा आहे, वायरवरच म्यूटचं बटण आहे, आणि दिवसातून चाळीस वेळा म्यूट करणाऱ्या माणसाला त्या बटणाचं मोल कळतं.

स्पंजाची गादी बघून काहींना ती स्वस्तातली वाटते. मला उलट बरी वाटते. ते चकचकीत कातडीसारखं आवरण दमट हवेत दोन पावसाळ्यांत सोलायला लागतं आणि काळे पापुद्रे कानाला, केसांना चिकटतात. स्पंज झिजला तर नवा चढवता येतो. त्यातून बाहेरचं थोडं ऐकूही येतं, म्हणजे दाराची बेल चुकत नाही आणि स्वतःचा आवाजही कानाला नैसर्गिक वाटतो. तुमच्या चष्म्याचं म्हणाल तर कानावर बसणाऱ्या हेडसेटचा दाब थेट काडीवर येतो आणि दुपारपर्यंत कानामागे ठणकायला लागतं. हलका हेडसेट घ्यायचं एक कारण हेच. पट्टी एक घर सैल ठेवा, आणि जेवणाच्या सुट्टीत काढून ठेवा, गळ्यात अडकवू नका.

आता तुम्ही विचाराल की कानात घालायचे माइकवाले इअरफोन घेतले तर दोन्ही कामं झाली नसती का. दोन्ही कानांत बोटं घाला आणि "हं, बोला" म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो ना? कानाचं भोक बंद झालं की जबड्याच्या हाडातून येणारा आवाज आत कोंडतो. दहा मिनिटांच्या कॉलला चालतं. सहा तास स्वतःच्याच घुमणाऱ्या आवाजाशी बोलल्यावर संध्याकाळी गाणं ऐकायची इच्छा उरत नाही. आणि तुमची संध्याकाळ वाचावी असं मला फार वाटतं.

गाण्याकडे येतो. तुम्ही जे ऐकता ते लक्षात घेऊनच इअरफोन निवडायला हवा, कारण स्वस्तातले बहुतेक इअरफोन त्या गाण्यांसाठी घडवलेलेच नसतात. ते नाचायच्या गाण्यांसाठी असतात. खोक्यावर ठळक अक्षरात बास लिहिलेला असतो, आणि तो बास वाढवताना वरचा भाग गढूळ होतो. पुरुष गायकाचा सा काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा धरा, साधारण १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ७० च्या आसपास. बायकांच्या गाण्यात सा काळी चार-पाचचा, म्हणजे २०८ ते २३३ हर्ट्झ, आणि खर्ज शंभराच्या थोडा वर. तुमच्या गाण्याचा पाया तिथे आहे. जो इअरफोन त्याच्याही खालचा आणि त्याच्या लगतचा भाग फुगवतो, तो डग्ग्याचा प्रत्येक घुमारा गायकाच्या गळ्यावर आणून टाकतो. मग शब्द कळत नाहीत, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि कान दुखतो.

जुन्या भावगीतांचं आणखी वेगळं. त्यांतली बरीचशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाली, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्या काळच्या यंत्रांना फार खालचे आणि फार वरचे स्वर टिपताच येत नव्हते. जे आहे ते सगळं मधल्या पट्ट्यात, म्हणजे गळ्यात, व्हायोलिनमध्ये आणि हार्मोनियममध्ये. जास्त बासचा इअरफोन त्या गाण्यात नसलेली जाडी आणतो, आणि वरचे स्वर टोकदार करणारा इअरफोन तबकडीची खरखर पुढे आणून गायक मागे ढकलतो. दोन्हीकडून नुकसान. ही ध्वनिमुद्रणं एकसुरी, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेली असतात. गायक बरोबर कपाळामागे बसल्यासारखा वाटतो. तो दोष नाही, ते तसंच आहे. दोन इअरफोनांत तो जास्त स्थिर, जास्त ठसठशीत कुठे बसतो हे मात्र ऐकून बघा.

इअरफोनची परीक्षा मी तंबोऱ्यावर घेतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतात, त्याने जवारी लागते आणि एका तारेतून वरच्या स्वरांची पूर्ण माळ उलगडत जाते. कुठल्याही ख्यालाच्या सुरुवातीला, गायकाने सा लावायच्या आधी, जो अर्धा मिनिट नुसता तंबोरा असतो तेवढाच ऐका. वाईट इअरफोनवर तो नुसता घूं घूं करतो, पंख्याची मोटर चालू असल्यासारखा. चांगल्यावर चारही तारा वेगळ्या मोजता येतात, आणि खर्जाची तार विरत जाताना तिच्यातून गंधार हळूच डोकावतो. तो गंधार ऐकू आला की इअरफोन घ्या. मी दुकानात हातातला फोन काढून हेच ऐकवायला लावतो, दुकानदार थांबतात.

या मापाला हल्ली स्वस्तातला मूनड्रॉपचा चू २ चांगला उतरतो. सतराशे-अठराशेपासून दोन हजारांपर्यंत खाली-वर होतो. आवाज बराच समतोल, अंग धातूचं, आणि केबल निघते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. इअरफोन मरतो तो वायर तुटून, पिनेच्या मानेशी किंवा जिथे एक वायर दोन होतात तिथे. आतलं यंत्र तोवर ठणठणीत असतं. केबल निघत असेल तर दोन-अडीचशे रुपयांत तो पुन्हा उभा राहतो. न निघणारी असेल तर "एका कानात वाजत नाही" म्हणत महिनाभर पीन पिरगळत बसायचं आणि शेवटी फेकून द्यायचा. माझ्या ड्रॉवरमध्ये असे कितीतरी पडले आहेत, एकेका कानाचे. केझेडचे ईडीएक्स प्रो आणखी स्वस्त, हजाराच्या आत. केबल त्यांचीही निघते, पण बास जास्त आहे. तुमच्या गाण्यांना मी ते देणार नाही. घरात कुणाला सिनेमे बघायला हवे असतील तर छान आहेत.

या प्रकारच्या इअरफोनची वायर कानावरून मागे जाते. चष्म्याच्या काडीशी तिची पहिले दोन दिवस भांडणं होतात. आधी इअरफोन घाला, मग चष्मा, म्हणजे काडी वायरवर बसते आणि वायर हलत नाही. पेटीत रबरं तीन मापांची येतात. तिन्ही लावून बघा, डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी चालेल, पुष्कळांना लागतं. रबर नीट बसलं नाही तर खर्ज गायब होतो आणि लोक इअरफोनलाच पातळ म्हणतात. कानाची पाळी हलकेच मागे-वर ओढून आत घातलं की बरोबर बसतं. आठवड्यातून एकदा रबरं काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा.

ब्लूटूथबद्दल एक खुलासा करतो, कारण तुम्हाला वाटत असेल की आपलेच इअरबड खराब निघाले. बहुतेक ब्लूटूथ इअरफोन नुसतं गाणं वाजवताना एका पद्धतीने चालतात, आणि माइक उघडला की दुसऱ्या, बोलण्याच्या पद्धतीवर जातात. त्यात कानाला येणारा आवाजही एकदम उतरतो. कॉलच्या मध्ये काही वाजलं की डब्यातून आल्यासारखं का वाटायचं, ते यामुळे. वायरमध्ये ही भानगड नाही.

आता तुमच्या फोनचं. त्याला भोक नाही म्हणजे टाइप-सीचं कन्व्हर्टर लागेल. या कन्व्हर्टरमध्ये दोन जाती आहेत. एकात छोटी चिप असते, ती फोनच्या आकड्यांतून आवाज बनवते. दुसरीत नुसत्या तारा असतात, आवाज फोननेच बनवून द्यावा लागतो, आणि पुष्कळ फोन तो देत नाहीत. दोन्ही बाहेरून सारख्याच. मी एकदा घाईत रस्त्यावरच्या दुकानातून दीडशेचं घेतलं, घरी येऊन लावलं तर फोनने ओळखलंच नाही. चिपवालं, डॅक (म्हणजे तीच चिप) असं स्पष्ट लिहिलेलं घ्या आणि फोन बरोबर नेऊन तिथेच वाजवून बघा. एका चांगल्या कन्व्हर्टरला तीन-चारशे पडतील. आधी जिथे तुम्ही गाणं ऐकता तिथे लॅपटॉप असेल तर हा खर्च पुढे ढकला.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर कानात बारीक गुणगुण येऊ लागली तर हेडफोनला दोष देऊ नका. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला बोट लावा. गुणगुण बदलली किंवा थांबली तर मामला अर्थिंगचा आहे. जुन्या घरांतून तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते, किंवा आपणच दोन पिनांच्या जोडतुकड्यात तिसरी पिन गिळून टाकतो. इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, ते कानापुरतं नाही, जिवाशी संबंधित आहे.

शनिवारच्या शिकवणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तिथे तुमचं सगळ्यांत जास्त नुकसान होत असणार असं वाटतं. कॉलच्या ॲपांना बोलणं हवं असतं आणि बाकीचा आवाज गोंगाट वाटतो. सतत चालणारा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा, असं ते धरून चालतात. तंबोरा सतत चालतो. म्हणून तो गाळला जातो, आणि तुमचा लांबवलेला सा सुद्धा मध्येच चिरतो. बाईंना वाटतं तुमचा दम पुरत नाही. झूमवर शिकत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि शिकवणी सुरू झाली की पडद्यावर येणारं तेच बटण दाबा. तंबोऱ्याचं ॲप लॅपटॉपवर लावत असाल आणि कॉल जोडताच ते एकदम बारीक होत असेल, तर तेही कारण सापडण्यासारखं आहे. विंडोजच्या जुन्या साउंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा भाग आहे, कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली करायचे असं तिथे मुळातच लिहिलेलं असतं. 'डू नथिंग' करा. मी मात्र तंबोरा फोनवर, टेबलावर तुमच्या हाताशी ठेवा म्हणेन. आणि शिकवणीला तो स्पंजाचा हेडसेटच घाला, चू नको. कान बंद करून सूर लावायला शिकू नये. स्पंजातून तुमचा गळा आणि तुमचा तंबोरा दोन्ही तुम्हाला ऐकू येतात, बाईंचा आवाज वरून येतो. माइकची दांडी त्या वेळी बोलण्यापेक्षा बरीच वर, गालफडापाशी घ्या, नाहीतर वरच्या सा ला आवाज फाटेल.

बाईंबरोबर एकाच वेळी गायचा प्रयत्न करू नका. वायर कितीही चांगली असली तरी नाशिक-पुणे इंटरनेटच्या उशिराला इलाज नाही. त्यांनी म्हणावं, थांबावं, मग तुम्ही म्हणावं.

आणि कानांचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घालून दिलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला तीच मर्यादा चार तासांवर येते. तुमचे कॉलचेच आठवड्याला तीस तास होतात, गाणं त्यावर. म्हणून कॉलचा आवाज सकाळी खोली शांत असतानाच ठरवा, समजेल इतपत, आणि दिवसभर त्यावर बोट नेऊ नका. शेजारच्या खोलीत टीव्ही वाढला तर तो कमी करायला सांगा. गाण्याला कानात बसणारे इअरफोन घ्यायचा हाही फायदा आहे. बाहेरचं अडलं की आतलं हळू ठेवता येतं.

हिशेब असा: हेडसेटला हजार, इअरफोनला अठराशे, उरलेल्यात कन्व्हर्टर बसलं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यात. पैसे कमी पडले तर आधी हेडसेट घ्या. रोजीरोटी त्यावर आहे, आणि ग्राहकांची तक्रार त्याच दिवशी थांबेल. दोन्ही बिलासकट घ्या, लोकप्रिय मॉडेलांच्या हुबेहूब नकला फिरतात आणि वॉरंटी मागायला गेल्यावरच त्या उघड्या पडतात.

माल आला की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करा. हेडसेट लावून कामाच्या जागी, पंखा चालू ठेवून, ते फणसाचं वाक्य टिपा आणि मैत्रिणीला पाठवा. तिला फक्त एवढंच विचारा, पंखा ऐकू आला का. रात्री सगळे झोपल्यावर चू घालून एखाद्या ख्यालाचा सुरुवातीचा तंबोरा लावा. गंधार सापडला की मला कळवा.